बांध मोजतो फुटात, आजार मोजतो कोसात

आमच्याकडे बांधावरून भांडण झाले की माणूस भूमी अभिलेखचे कार्यालय गाठतो. मोजणीचे पैसे भरतो, मोजणीच्या तारखेसाठी चार-चार महिने खेटे घालतो, शेजाऱ्याने दोन फूट बांध कोरला हे सिद्ध करायला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे घालवतो. जमिनीच्या बाबतीत मराठवाड्यातला शेतकरी ‘अंदाजे’ हा शब्द खपवून घेत नाही. त्याच शेतकऱ्याच्या घरात कॅन्सर निघतो, बापाची किडनी जाते, सुनेचे तिसरे बाळ दगावते, तेव्हा त्या आजाराची जागा कागदावर पाच-सात किलोमीटर सरकलेली असते, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे सध्या मोबाइलवर फिरणारे रंगीत नकाशे. अमुक तालुका लाल, तमुक हिरवा; या पट्ट्यात कॅन्सर जास्त, त्या पट्ट्यात मुलींचा जन्म कमी. नकाशा आला की दोन फळ्या पडतात. एक फळी म्हणते, बघा, नकाशानेच सांगितले, आता या गावाचे पाणी विष आहे, तो कारखाना बंद करा. दुसरी फळी म्हणते, नोंदीच चुकीच्या आहेत, नकाशा खोटा आहे, विषय संपला. या वादात रंगावर सगळे भांडतात. तो रंग त्या जागी कसा गेला, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे दोन्ही फळ्यांच्या विरोधात आहे. आरोग्याच्या प्रत्येक नोंदीत जागेची चूक असतेच. ती चूक मोजता येते, तिची दिशा शोधता येते, तिचा हिशेब धरून निष्कर्ष काढता येतो. हे काम न करता नकाशा छापणे हा लोकांवर अन्याय आहे, आणि चूक सापडली म्हणून नकाशा फाडून टाकणे हा त्याच लोकांवरचा दुसरा अन्याय आहे.

चूक होते कशी, हे जवळून पाहिल्याशिवाय तिचे वजन कळत नाही. काही वर्षांपूर्वी एका आरोग्य सर्वेक्षणाच्या नोंदी तपासायचे काम माझ्याकडे होते. एका ओळीत एका बाईंचा पत्ता होता: मु. टाकळी, पो. वडगाव. संगणकावर भरणाऱ्या मुलाने गाव म्हणून वडगाव निवडले होते, कारण यादीत त्या तालुक्यात टाकळी दोन होत्या, बुद्रुक आणि खुर्द, आणि कागदावर ‘बु.’ही नव्हते आणि ‘खु.’ही. मुक्काम कुठला ठरेना, म्हणून त्याने पोस्टाचे गाव धरले. मी त्या बाईंना फोन लावला. त्या दोन्ही टाकळींत राहत नव्हत्या. खुर्दच्या शिवारात, गावठाणापासून साडेतीन किलोमीटरवर एक तांडा आहे, तिथे त्यांचे घर. तांड्याचा हापसा वेगळा, विहीर वेगळी, दवाखान्याला जायची वाट वेगळी. नकाशावर मात्र त्यांचा ठिपका वडगावच्या मध्यबिंदूवर बसला होता, आणि तो मध्यबिंदू जाऊन पडला होता वडगावच्या पाझर तलावात. एक बाई, तीन गावे, आणि शेवटी पाण्यात. त्या आठवड्यात मी अशा किती ओळी दुरुस्त केल्या ते मोजले नाही, पण त्यानंतर ठिपक्यांचा नकाशा दिसला की पहिल्यांदा मला तो तलाव आठवतो.

पिंपळगाव, बोरगाव, पिंपरी, टाकळी ही नावे मराठवाड्यात जागोजागी आहेत. पिनकोडवर भरवसा ठेवावा, तर एका पिनकोडात अनेक गावे येतात. त्यातही गाव आपल्या जागी राहील याची खात्री नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जुने किल्लारी आणि नवे किल्लारी, नाव एक, पण जमीन वेगळी आणि विहीरही वेगळी. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचेही तेच. पन्नाशीतल्या एखाद्या बाईच्या हाडांत फ्लोराइडची खूण सापडली, तर ती कोणत्या किल्लारीच्या पाण्याची? जिल्ह्यांचे तर विचारूच नका. जालना १९८१ मध्ये औरंगाबादेतून निघाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून. १९९१ च्या परभणीचा आकडा २०११ च्या परभणीशेजारी ठेवून ‘वीस वर्षांत सुधारणा’ असे लिहिणारा माणूस मुळात दोन वेगवेगळ्या प्रदेशांची तुलना करत असतो. आणि आता दोन जिल्ह्यांची नावेही बदलली आहेत. जुन्या नावाच्या नोंदी आणि नव्या नावाच्या नोंदी एकाच यादीत दोन जिल्हे होऊन बसतील, याची काळजी कोणीतरी घ्यायला हवी.

यावर पहिली फळी म्हणते, अहो, इतकी बारीक चूक कुठे नसते? हजारो नोंदी आहेत, काही इकडे सरकल्या, काही तिकडे, शेवटी सगळे सारखेच होते. हा युक्तिवाद मी सुशिक्षित माणसांकडूनही ऐकला आहे, आणि तो वाटतो तितका वेडगळ नाही. सरासरी काढायची असेल तर उलटसुलट चुका खरोखरच एकमेकींना खातात. जिल्ह्यात एकूण रुग्ण किती, एवढेच सांगायचे असेल, तर बुद्रुकचा माणूस खुर्दमध्ये गेल्याने काही बिघडत नाही. पण आपला प्रश्न ‘किती’ हा नसून ‘कुठे आणि कशामुळे’ हा आहे. तिथे चुका एकमेकींना खात नाहीत. त्या फरकच खाऊन टाकतात.

साधा हिशेब मांडते. समजा दूषित बोअरच्या आसपास १०० माणसे राहतात आणि त्यांतली २० आजारी आहेत. दूरच्या वस्तीत १०० माणसे, त्यांतली ५ आजारी. म्हणजे जवळच्यांना धोका चौपट. आता पत्त्यांच्या घोळात दोन्हीकडची ३०-३० माणसे विरुद्ध बाजूला नोंदली गेली. कागदावरच्या ‘जवळच्या’ शंभरात ७० खरे जवळचे आणि ३० दूरचे. त्यांत आजारी १४ अधिक दीड, म्हणजे साडेपंधरा. ‘दूरच्या’ शंभरात आजारी साडेतीन अधिक सहा, म्हणजे साडेनऊ. चौपट धोका कागदावर दीडपटीच्या थोडा वर उरला. कोणी खोटे लिहिले नाही, कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी आकडे दडपले नाहीत. नुसत्या गोंधळाने गुन्हा पुसला गेला. म्हणून ‘अभ्यासात ठोस संबंध आढळला नाही’ हे वाक्य वाचले की मी आधी विचारते, पत्ते कसे बसवले होते? सगळ्यांना सारखीच लागू होणारी चूक बहुतेक वेळा खरा संबंध बोथट करते, आणि संबंध बोथट झाला की सुटतो तो घाण सोडणारा. आजारी माणसाच्या हाती मात्र काहीच लागत नाही.

शिवाय ही चूक सगळ्यांना सारखी लागू होते, हे गृहीतकही खरे नाही. शहरातल्या पक्क्या घराला घरक्रमांक आहे, गल्ली आहे, लाइटबिल आहे. तांड्याला, शेतवस्तीला, गायरानावरच्या पालाला यांतले काय आहे? नोंदी तपासताना ‘पत्ता अपुरा’ म्हणून ज्या ओळी गाळल्या जातात, त्यांत जास्तीत जास्त कोण असते, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. पत्ता सापडत नाही म्हणून माणूस गाळायचा, आणि उरलेल्यांच्या आधाराने ‘जिल्ह्याचे आरोग्य’ म्हणून निष्कर्ष काढायचा, हे शास्त्र म्हणून कसे चालते?

दुसऱ्या फळीचा मुद्दा मात्र जास्त मजबूत आहे आणि तो मी पूर्ण मान्य करते. लहान गावांचे आकडे फसवतात. एखाद्या आजाराचा दर गावी सरासरी एक रुग्ण अपेक्षित असेल, तर निव्वळ योगायोगाने एखाद्या गावात तीन किंवा जास्त रुग्ण निघण्याची शक्यता शंभरात आठ असते. हजार गावांच्या जिल्ह्यात अशी ऐंशीएक गावे काहीही कारण नसताना लाल दिसतील. त्या ऐंशी गावांत कॅमेरे जातील, सोयरिकी मोडतील, जमिनीचे भाव पडतील. ‘त्या गावात मुलगी देऊ नका, पाणी खराब आहे,’ हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. नकाशाने असे नुकसान होते, हे खरेच आहे.

पण यावरचा उपाय नकाशा जाळणे हा नाही. लहान गावाचा आकडा एकटा न वाचता शेजारच्या गावांच्या आधाराने वाचायचा, कमी लोकसंख्येच्या गावाच्या आकड्याला कमी वजन द्यायचे, आणि रंगासोबत त्या रंगाची खात्री किती हेही दाखवायचे, अशा पद्धती संख्याशास्त्रात कित्येक दशके रुळलेल्या आहेत. त्यांचाही एक तोटा आहे. शेजाऱ्यांच्या आधाराने आकडा मऊ केला, तर खरोखरच विषारी असलेले एखादे एकटे गाव त्या मऊपणात हरवू शकते. म्हणून मऊ केलेला नकाशा आणि कच्चा नकाशा, दोन्ही शेजारी ठेवावे लागतात, आणि जिथे दोघांत मोठी तफावत आहे तिथे पायी जावे लागते. हे कष्टाचे आहे. पण ‘खोटा नकाशा’ म्हणून विषय बंद करणारा या कष्टातून सुटतो, आणि ज्याच्या बोअरचे पाणी खरेच खराब आहे तो अडकून पडतो.

या विषयावर बोलणारा प्रत्येक जण १८५४ सालच्या लंडनचे उदाहरण देतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने कॉलऱ्याच्या मृत्यूंचा नकाशा काढला, ब्रॉड स्ट्रीटचा पंप पकडला, पंपाचा दांडा काढला गेला, साथ थांबली. ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. दांडा काढला तोवर साथ ओसरायलाच लागली होती. आणि स्नोचे खरे मोठेपण ठिपके काढण्यात नव्हते, ठिपक्यांवर शंका घेण्यात होते. पंपापासून दूर, हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई कॉलऱ्याने वारली. नुसता नकाशा पाहणाऱ्याने काय म्हटले असते? पंपाचा संबंध नाही. स्नोने चौकशी केली तेव्हा कळले की त्या पूर्वी ब्रॉड स्ट्रीटजवळ राहत, तिथल्या पाण्याची चव त्यांना आवडे, आणि रोज एक बाटली गाडीवरून त्यांच्याकडे जाई. उलट पंपाच्या अगदी शेजारच्या बिअर बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते पंपाचे पाणी पीतच नव्हते. दूरची बाई जवळची निघाली आणि जवळचे कामगार दूरचे. पुढच्या नकाशात तर त्याने कोणत्या घराला कोणता पंप जवळ पडतो याची रेषा काढली, ती सरळ रेघेने नव्हे, चालत जायच्या अंतराने. जागेच्या चुकीचा हिशेब धरणे म्हणजे याहून वेगळे काय? पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक माणूस कागद-पेन्सिलीने जे करू शकला, ते आज हातात उपग्रहाचा नकाशा असताना आम्ही टाळतो, आणि सरळ रेघेने अंतर मोजून ‘आरोग्य केंद्र पाच किलोमीटरच्या आत’ असा शेरा मारतो. गोदावरीच्या अलीकडच्या गावाला पलीकडचे केंद्र दोन किलोमीटरवर दिसते. पूल गाठायला किती पडतात, ते त्या गावच्या बाळंतिणीला विचारा.

पाण्याचेच घ्या. आपल्या पायाखाली बेसॉल्टचा कातळ आहे, आणि कातळातले पाणी भेगांतून, थरांमधून वाहते. चाळीस फुटांच्या विहिरीचे पाणी आणि तिच्या शेजारीच पाडलेल्या चारशे फुटांच्या बोअरचे पाणी दोन वेगळ्या जगांतून आलेले असू शकते. नकाशावर दोघे एकाच ठिपक्यात मावतात. त्यात उन्हाळ्यात टँकर येतो, तो कुठल्या उद्भवावरून भरला हे टँकरच्या खेपांच्या वहीत असते, आरोग्याच्या वहीत नसते. २०१६ साली लातूर मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले. आता गावोगाव जारचे पाणी आहे. मग ‘राहत्या घराजवळचा पाण्याचा स्रोत’ धरून केलेला अभ्यास नेमके कोणते पाणी मोजतो?

आणि माणूस तरी एका जागी कुठे असतो? आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला नारू, म्हणजे शरीरात वाढणारा लांब जंत, माहीत होता. बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरायचे, त्या पाण्यातून नारू पोटात जायचा, आणि पायातून बाहेर पडायचा तो जवळजवळ वर्षाने. नारू झालेल्या माणसाला ‘आता कुठे पाणी पितोस’ असे विचारून उपयोग नव्हता. गेल्या उन्हाळ्यात कुठल्या बारवेवर होतास, हे विचारावे लागे. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तो हाच प्रश्न गावोगाव विचारून आणि त्या त्या बारवा, विहिरी सुधारून. करोनात मात्र हा धडा आपण विसरलो. २०२० च्या उन्हाळ्यात हिंगोलीचा आकडा एकाएकी वर गेला. जिल्ह्यात साथ पसरली, अशी चर्चा झाली. वाढ बरीचशी राज्य राखीव पोलिस दलाच्या जवानांची होती, आणि ते मालेगाव-मुंबईचा बंदोबस्त संपवून परतले होते. लागण तिकडची, नोंद इकडची. लाल-केशरी-हिरव्या पट्ट्यांच्या त्या यादीवर दुकाने उघडायची की बंद ठेवायची हे ठरत होते, माणसांची चूल त्यावर अवलंबून होती.

या सगळ्यात ज्यांच्या बाबतीत ही चूक सर्वांत महाग पडते, ते आमचे ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की उन्हाच्या तोंडावर परततात. बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर एका बाईंना मी फॉर्ममधला पहिला प्रश्न विचारला, ‘कुठे राहता?’ त्या ज्वारी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘कोण्या महिन्यात, ते सांगा ना ताई. दिवाळीनंतर फडात, कोपीवर. पाडव्याच्या पुढं हितं.’ कोपी म्हणजे फडाच्या कडेची त्यांची तात्पुरती झोपडी. फॉर्मवर एकच रकाना होता. मी गावाचे नाव लिहिले आणि पुढे गेले. त्यांना वर्षातले निम्मे दिवस ना नळ, ना संडास, ना दवाखाना. पहाटे तीनला उठून मोळ्या बांधायच्या, पाळी असो की पोट असो, खाडा केला तर दंड उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतून, कापला जाणार. ती सगळी निम्मी जिंदगी माझ्या एका रकान्यात बसली नाही आणि मी ती सोडून दिली. ती नोंद आजही तशीच असेल.

२०१९ साली बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर राज्यभर चर्चा झाली. सरकारने समिती नेमली, सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली, तीत १३ हजारांहून जास्त महिलांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. आकडे भयंकर आहेत. पण त्यावरचा वाद कसा झाला? बीडचा रंग लाल झाला, आणि सगळे बीडच्या डॉक्टरांकडे बोट दाखवू लागले. डॉक्टरांची चौकशी व्हायलाच हवी होती. विनाकारण पोट फाडणाऱ्याला माफी नाही. पण शस्त्रक्रियेची जागा बीड आहे, नोंदीची जागा बीड आहे, आणि ज्या हालांमुळे बाई ‘काढूनच टाका’ म्हणायला तयार होते ती जागा ऊस जिथे उभा आहे तिथली आहे. त्या जिल्ह्यांचे नकाशे हिरवेच राहिले. ज्या कारखान्यांच्या फडात संडास नव्हता, त्यांच्या तालुक्यावर एक शिंतोडाही उडाला नाही. जागेची चूक म्हणजे तांत्रिक बारकावा, असे ज्यांना वाटते, त्यांनी हे पाहावे. ठिपका जिथे पडतो तिथे दोष पडतो, आणि निधीही तिथेच जातो.

जन्म-मृत्यूच्या नोंदींतही हेच घडते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म किंवा मृत्यू जिथे घडला तिथे त्याची नोंद होते. खेड्यातले बाळ मोठ्या शहराच्या सरकारी रुग्णालयात दगावले, तर मृत्यू शहराच्या खात्यावर. खेडे कागदावर निरोगी, आणि चार जिल्ह्यांचे शेवटच्या घटकेचे रुग्ण घेणारे शहर बदनाम. राहत्या पत्त्याचा रकाना फॉर्मवर असतो. तो नीट भरून घेणे आणि त्याप्रमाणे आकडे मांडणे, एवढेच करायचे असते.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येते, कारण तो माणुसकीतून आलेला आहे. इतक्या अचूक जागा नोंदवल्या, तर माणसाची गुपिते उघडी पडतील. वीस उंबऱ्यांच्या तांड्यावर एचआयव्हीचा एक ठिपका पडला, तर नाव लिहायची गरज उरत नाही. टीबीचे तेच, गर्भपाताचे तेच. हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे, आणि ज्यांना नकाशाची फार हौस आहे त्यांनी तो रोज सकाळी आठवावा. पण त्याचे उत्तर अभ्यासकांनी शोधलेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्या डीएचएस (अनेक देशांतल्या आरोग्य पाहण्यांच्या) पद्धतीने होत आले, तिच्यात नमुन्यातल्या वस्तीचा बिंदू जाहीर करण्यापूर्वी मुद्दाम सरकवतात: शहरी भागात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ किलोमीटरपर्यंत, आणि शंभरातल्या एका ग्रामीण वस्तीला तर १० किलोमीटरपर्यंत. म्हणजे इथे चूक मुद्दाम घातलेली आहे, पण ती किती घातली हे जगजाहीर आहे. म्हणून शहाणा अभ्यासक त्या बिंदूजवळची एकच विहीर किंवा एकच दवाखाना पकडत नाही. बिंदूभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ घेऊन त्या पट्ट्याची सरासरी धरतो, किंवा बिंदू वर्तुळात हजार वेळा इकडे-तिकडे सरकवून बघतो की निष्कर्ष टिकतो का. टिकला तर लिहितो, नाही टिकला तर तसेही लिहितो. टाकळी-वडगावच्या घोळात सरकलेला बिंदूही तितकाच सरकलेला असतो, पण तो किती सरकला हे कोणालाच माहीत नसते. त्यात बाईची अब्रूही झाकली जात नाही आणि तिचे पाणीही तपासले जात नाही. आत अचूक नोंद ठेवायची, बाहेर सरकवून द्यायची, आणि किती सरकवले ते सांगायचे, हे गोपनीयतेच्या विरोधात कसे?

‘आमच्या आरोग्य केंद्रात नर्स नाही, औषध नाही, आणि तुम्ही नकाशे कसले काढता?’ असेही विचारले जाते. विचारणाऱ्याचा संताप मला समजतो. पण नर्स कुठे पाठवायची हे ठरते कशावरून? आणि गरिबीत अचूकता परवडत नाही, हे तर आमच्याच भागाने खोटे ठरवले आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली, आणि बार्शीसोबत तिच्यात आले ते आपल्या धाराशिवचे भूम आणि परांडा हे दोन तालुके. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा लिहू, असे तिथे म्हटले नाही. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, आणि रुग्ण मूळचा कुठला हे पाहूनच नोंद केली. पुढे त्याच धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट पाडले, तिशी ते साठीच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका त्यात आल्या, आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या) तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे २००९ मध्ये जगासमोर आले. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नाही यावर पुढे वाद झाला आणि तो वाद व्हायलाच हवा होता. पण माझ्या मुद्द्यापुरते पाहा: कोणती बाई कोणत्या गटात, हे तिच्या गावावरून ठरत होते. गाव चुकले असते तर सगळा अभ्यास मातीत गेला असता. घराघरांच्या याद्या आधी झाल्या म्हणून तो उभा राहिला. महागडे यंत्र त्यात नव्हते, चालणारी माणसे होती. आज प्रत्येक आशाताईच्या हातात मोबाइल आहे आणि मोकळ्या आभाळाखाली तो काही मीटरच्या फरकाने जागा सांगतो. तांडा, वस्ती, मळा यांची नावे गावाच्या नावाखाली यादीत घातली, ‘बु.’ आणि ‘खु.’ सक्तीचे केले, आणि ‘गेल्या हंगामात कुठे होता’ असा एक रकाना वाढवला, तर किती खर्च येईल? आशाताईंवर आधीच कामाचा ढीग आहे, हे खरे; म्हणून या रकान्याचे पैसे त्यांना वेगळे मिळाले पाहिजेत.

मोजणीवाल्यांकडून अजून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, देशाची मोजणी करणाऱ्या विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याची माणसे निजामाच्या मुलखातून त्रिकोण टाकत उत्तरेकडे चालली होती. त्रिकोणाचे दोन कोन कळले की तिसरा वजाबाकीने निघतो. तरी ते तिसरा कोनही मोजत. त्यासाठी पुन्हा एक टेकडी चढावी लागे, पुन्हा धुके विरायची वाट पाहावी लागे. का? तीन कोनांची बेरीज यायला हवी तेवढी आली नाही, तर आपण किती चुकलो ते कळावे म्हणून. चूक किती हे कळल्याशिवाय त्यांनी नकाशा पुढे नेला नाही. आरोग्याच्या नोंदींत आपला तिसरा कोन कुठे आहे? शंभरातल्या दहा पत्त्यांवर प्रत्यक्ष जाऊन ठिपका खऱ्या घरापासून किती दूर पडला हे मोजले, तरी सगळ्या नकाशाची चूक अंदाजात येते. मग ज्या गावाबद्दल खात्री नाही तिथे रंग न भरता आडव्या रेघा मारता येतात. रेघा मारलेले गाव म्हणजे ‘इथे अजून जायचे आहे’.

बीडचा एक आकडा या चर्चेत नेहमी येतो: २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली. मुली मारल्या गेल्या हे उघड आहे, गुन्हे दाखल झाले, शिक्षा झाल्या, आणि पत्त्यांचा घोळ पुढे करून कोणी त्यावर पांघरूण घालू नये. पण ती जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन हंगामात. जो माणूस त्या सगळ्या काळात घरी नव्हता, तो घरी मोजला जात नाही, असा जनगणनेचा नियम आहे. हजारो कोयते, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या जोड्या, तेव्हा फडात होते, आणि त्यांची तान्ही लेकरे कोपीत. मागे आजीजवळ कोण राहिले, मुलगे की मुली? सोबत कोणाला नेले? त्यावरून ८०७ हा आकडा खऱ्याहून वर आहे की खाली, हे ठरते. मी बसलेल्या एकाही चर्चेत हा प्रश्न कोणी विचारला नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे माणसे मोजायचे काम पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा ऊस उभा असताना. ज्वारी निवडणाऱ्या त्या बाईंच्या दारावर प्रगणक जाईल तेव्हा दाराला कुलूप असेल. त्यांची कोपी कोणत्या तालुक्यात, कोणत्या फडाच्या कडेला आहे, याची यादी कारखान्यांकडून आणि मुकादमांकडून जानेवारीच्या आत मिळवायला हवी, आणि ती मागायची वेळ आत्ताची आहे.